तुझं झाड उभं आहे

मोर्न फिग, ग्रेनाडा
३१ ऑक्टोबर २००४

विनिफ्रेड,

तू पाठवलेलं पिंप पोचलं. बंदरावर कुणी झाकण उघडलेलं नव्हतं, हे नशीबच. तांदूळ, मैदा, साबण, मेणबत्त्या, खिळे, सगळं जागच्या जागी. खिळे पाठवायचं कसं सुचलं गं तुला? अख्ख्या बेटावर आज खिळा मिळत नाही. त्या पांढऱ्या चपला मात्र कशाला पाठवल्यास ते कळलं नाही. इथे घोट्यापर्यंत चिखल आहे.

आभार मानते. आईच्या मयतापासून आपण एकमेकींशी बोललो नाही, आणि आता पहिली ओळ लिहायची ती आभाराची, हे माझ्या जिवावर आलंय. पण मानते.

वादळाचं तू टोरांटोत बसून टीव्हीवर पाहिलंच असशील. देश तो केवढा आपला! वादळाला एका अंगानं शिरून दुसऱ्या अंगानं बाहेर पडायला एक दुपार पुरली. आपलं छप्पर गेलं, चर्चचं गेलं, शाळेचं गेलं, तुरुंगाचंसुद्धा गेलं. डोंगरावर पान उरलं नाही. पलीकडच्या खोऱ्यातली घरं मी जन्मात इथून पाहिली नव्हती, ती आता ओट्यावरून दिसतात. आजोबांनी लावलेली जायफळं, बाबांनी लावलेली जायफळं, सगळी आडवी. बोटांवर मोजता येतील एवढीच उभी आहेत. जायफळ गेलं की आपल्या हातात दुसरं काय आहे सांग बरं? तुमच्या तिकडे नाताळच्या पेयावर किसायला दुसऱ्या कुठल्या तरी देशाचं जायफळ येईल. कुणाला कळणारसुद्धा नाही आम्ही गेलो ते.

ताडपत्रीसाठी काल रांगेत उभी होते. मी! सगळी हयात वखारीत बसून लोकांचं जायफळ पाण्यात टाकून पाहिलं, बुडलं ते घेतलं, तरंगलं ते तोंडावर परत केलं, ती मी. शेजारचा कथबर्ट नेमका माझ्या मागे. म्हणतो कसा, "काय ओटिलीबाई, आज आपल्याला पाण्यात टाकून बघताहेत म्हणायचं! बुडणार की तरंगणार?" सगळी रांग खो खो हसली. मीही हसले. घरी आल्यावर रडले, ते तुला सांगायला हरकत नाही, तू काही इथे कुणाला सांगायला येणार नाहीस.

पिंपाच्या तळाशी तुझी एका ओळीची चिठ्ठी होती. बहीण जिवंत आहे का ते नाही विचारलंस, विचारलंस ते झाडाचं. आहे तुझं झाड. कललंय, पण मुळं जमिनीत आहेत.

ओटिली


मोर्न फिग
१६ जानेवारी २००५

विनिफ्रेड,

दुसरं पिंपही मिळालं. नाताळला हॅम नव्हता, पण तुझ्या डब्यातल्या मांसावर भागवलं. तुरीच्या शेंगा तेवढ्या परसातल्या होत्या.

तुला कुणीतरी कळवायच्या आधी मीच कळवते. मी कोळसा विकते. वळणावर, बसथांब्याशी, पोती मांडून बसते. हसायचं तर हस. वखार बंद आहे, कारण जायफळ आणणार कोण? पडलेली झाडं सगळं खोरं तोडतंय, मातीखाली पुरून कोळसा करतंय, आणि एकमेकांनाच विकतंय. शेतीखात्याचा माणूस परवा ओरडत फिरत होता, "अहो, ज्याची अर्धी मुळं जमिनीत आहेत ते मेलेलं नाही! दोर लावून उभं करा, फुटेल!" कथबर्टनं त्याला विचारलं, "साहेब, फुटेपर्यंत चूल कशावर पेटवू? तुमच्या टोपीवर?"

पहिली कुऱ्हाड पडली ती जायफळाच्या नर झाडांवर. ते साहजिकच होतं. फळ देणाऱ्या मादीवर कुऱ्हाड उचलवत नाही. नर नुसता फुलतो, त्याच्याकडून एक जायफळ कधी आलं नाही, त्याच्यासाठी कोण रडणार?

माझं झाड मात्र वाचवलं. आठवतं ना, बाबांनी आपल्या दोघींची नाळ पुरून त्यावर दोन रोपं लावली होती, शेजारी शेजारी? माझं पुरतं कललं होतं. करवतवाल्याकडून लॉरीचा दोर घेतला, चौघांनी ओढून उभं केलं, मागच्या खडकाला बांधलं. रोज पाणी घालते. पाणी घालताना मला आपलं लहानपण आठवतं. माझ्या आठव्या वर्षी दोन्ही झाडं फुलली, माझ्याला फळ धरलं, तुझं नर निघालं. किती चिडवलं होतं तुला मी! आणि आई तर माझ्या वाढदिवसालासुद्धा नारळाचं पाणी ओतायला जायची ती तुझ्या झाडाशी. वाढदिवस माझा, लाड तुझ्या झाडाचे! मी पाय आपटायची. ती म्हणायची, "त्याच्याकडे कुणी बघत नाही गं, म्हणून."

बाकी ठीक. छपरावर अजून ताडपत्रीच आहे.

टिली


मोर्न फिग
७ ऑगस्ट २००५

विने,

गेल्या महिन्यात दुसरं वादळ येऊन गेलं. पहिलं यमासारखं होतं, हे त्याच्या कारकुनासारखं. पहिल्यानं जे विसरलं होतं तेवढं घेऊन गेलं. ताडपत्री गेली.

मुद्द्यावर येते. जमीन विकायची म्हणून रॅफेल तुला फोन करतोय हे मला माहीत आहे. भाऊ म्हणून त्याच्यावर रागावता येत नाही, कारण तो खोटं बोलत नाही. परवा ओट्यावर बसून म्हणाला, "टिली, जायफळ लावलं तर फळ धरायला किती वर्षं? तोवर मी चर्चच्या मागे झोपलेला असेन. एक पीक, एक वारा, खेळ खलास. ही परदेशी कंपनी बंगले बांधणार, डोंगरावरून समुद्र दिसतो म्हणून पैसे देणार. आपल्याला समुद्र फुकट दिसतो, तो विकायला काय हरकत आहे?"

मी म्हटलं, "आणि मग आपण कुठून बघायचा?"

"तू त्यांच्या चादरी धुता धुता बघ," म्हणाला. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं आणि त्यानं विषय बदलला.

ही जमीन सगळ्यांची आहे, म्हणजे एकट्याची कुणाचीच नाही. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय एक खडाही हलत नाही. रॅफेलनं सही केली. मी नाही म्हटलं. आता उरलीस तू. मिस एनिडच्या दुकानातल्या फोनवर तू मला म्हणालीस, "माझं झाड उभं आहे तोवर मी सही करणार नाही. झाड गेलं असेल तर माझं तिथे काय उरलं? मग रॅफेलला हवं ते करू दे." आणि मग विचारलंस, "उभं आहे ना, टिली?" तेवढ्यात लाईन तुटली.

लाईन तुटली हे खरं आहे, मी तोडली नाही.

म्हणून लिहिते. तुझं झाड उभं आहे. सही करू नकोस. मी या जमिनीवर जन्मले, इथून मला चादरी धुवायला पाठवू नकोस. तुझ्या पाया पडते म्हण, काय हवं ते म्हण.

टिली


मोर्न फिग
१२ मार्च २००६

विने,

फुलं आली! माझ्या झाडाला, दोर बांधलेल्या त्या झाडाला, पिवळी पिवळी इवल्या घंटांसारखी फुलं आली. जी मोजकी झाडं उभी राहिली होती तीही फुलली. मी खाली उभी राहून मोठ्यानं हसत होते, कथबर्ट कुंपणावरून बघत होता. म्हणाला, "बाई, आता वखारीत बसायची तयारी करा. पहिलं जायफळ माझं, आणि ते तरंगलं तर मी पाण्यात उडी मारीन."

छपराला पत्रे लागले. पत्रे तुझ्या पैशाचे. सुताराला मी सांगितलं की कोळशाच्या पैशाचे आहेत. का असं सांगितलं मलाच कळत नाही. तुझ्याकडून घेतलं म्हणायला तोंड उघडत नाही. या खोऱ्यात एकही घर असं नाही ज्याच्या पायाखाली कुणा परदेशातल्याचं पिंप नाही, आणि एकही घर असं नाही जे ते मान्य करील.

फोटोचं म्हणत होतीस. कॅमेरा वादळात भिजला. रॅफेलचा मागितला तर तो देत नाही. आणि तुझ्या झाडाच्या बाजूला सध्या फार गवत माजलंय, साप असतात, कुणी जात नाही तिकडे. पावसाळ्यानंतर बघू.

तुझी,
टिली


मोर्न फिग
२१ जानेवारी २००७

विने,

ईस्टरला येणार म्हणून कळवलंस. तिकीटही काढलंस. म्हणून आता लिहावंच लागेल. गेले चार दिवस कागद घेऊन बसते आणि उठून भांडी घासते. घरात घासायचं भांडं उरलं नाही.

आधी वखारीतलं सांगते. फुलं आली होती ना, ती गळली. सगळी. एक फळ धरलं नाही. आम्हाला वाटलं पाऊस, आम्हाला वाटलं धक्का बसलाय झाडांना. पुन्हा फुलली, पुन्हा गळली. गेल्या रविवारी चर्च सुटल्यावर खोऱ्यातले सगळे वखारीत जमले. शेतीखात्याचा तोच माणूस आला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नर कुणाकडे शिल्लक आहे?"

मग कथबर्ट म्हणाला, "माझा मी तोडला. ओटिलीबाईंकडे आहे म्हणून तोडला. म्हटलं, कुंपणाला लागून आहे, माझ्यापुरता पुरेल."

मी म्हटलं, "वा रे वा! मी तर तुझ्याकडे आहे म्हणून..." आणि पुढचं तोंडातच राहिलं.

वरच्या आळीतला ॲम्ब्रोज म्हणाला की त्यानं कथबर्टच्या भरवशावर तोडला. खालच्या पुलाजवळची मर्लिन म्हणाली की तिनं ॲम्ब्रोजच्या. सगळं खोरं असं एकमेकांकडे बघत होतं. प्रत्येकानं आपल्या घरातला जाळला आणि शेजाऱ्याच्यावर भिस्त ठेवली. इतकी वर्षं जायफळावर जगलेली माणसं आम्ही, नराच्या परागाशिवाय मादीला फळ धरत नाही, ही पोरासोराला ठाऊक असलेली गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती असं नाही. ठाऊक असून केली.

मग मर्लिन एकदम म्हणाली, "अगं पण ओटिली, विनीचं झाड? ते तर नर होतं ना? तू तर सगळ्यांना सांगत होतीस उभं आहे म्हणून!"

सगळी डोकी माझ्याकडे वळली, विने. आशेनं वळली गं. त्यांना खरंच वाटलं की माझ्या परसात त्यांचं जायफळ उभं आहे. रॅफेलही दाराशी उभा होता. मी म्हटलं, "नाही." मग म्हटलं, "दोन वर्षांपूर्वीच गेलं." कथबर्ट काही बोलला असता, हसला असता तर बरं झालं असतं.

तर हे. तुझं झाड नाही. मी तोडलं.

पडलं होतं असं म्हणून सुटता येईल, पण तसं नाही झालं. दोन्ही झाडं सारखीच कलली होती, दोघांची अर्धी मुळं जमिनीत होती. त्या दिवशी चार माणसं आणि दोर मिळाला, करवतवालाही हाताशी होता. मी दोर माझ्याला बांधायला सांगितला. करवतवाल्यानं विचारलं, "आणि हे दुसरं, बाई?" आणि माझ्या मनात काय आलं ते तुला सांगते, कारण आता लपवून काय करू. मनात आलं, जाऊ दे, विनीचंच आहे, नाहीतरी कधी फळ दिलं नाही, आणि ती काय परत येतेय. दुसऱ्या दिवशी दुसरा दोर मिळाला असता. मी थांबले नाही. तोड म्हटलं. त्याचा कोळसा वळणावर बसून विकला आणि त्या पैशात साखर आणि रॉकेल आणलं. तू पाठवलेल्या तांदळावर घालायला साखर.

कोळशाचं शेवटचं एक पोतं विकवलं नाही. ते जिन्याखाली आहे. एवढीच माझी लाज शिल्लक होती म्हण.

मग तुला लिहिलं उभं आहे म्हणून, जमिनीसाठी. पत्रं लिहिताना दर वेळी खिडकीतून ते खोड दिसायचं, मग मी टेबल हलवून भिंतीकडे तोंड करून बसायला लागले.

विकायचा कागद सोबत आहे. रॅफेलच्या सहीखाली मी माझी सही केलीय. अट तुझी होती, आणि मी खोटं बोलून तुझी सही अडवून धरली. आता तू सही कर. मी चादरी धुवीन. ईस्टरला यायचं असेल तर ये, नसेल यायचं तर तिकिटाचे पैसे फुकट गेले म्हणून मला शिव्या घाल. पांढऱ्या चपला मी कधी घातल्या नाहीत, त्या तशाच आहेत.

टिली


मोर्न फिग
२५ फेब्रुवारी २००७

विनी, माझ्या बाळे,

फोनवर मी काही बोलले नाही म्हणून तू रागावली नसशील. मिस एनिड मागे उभी राहून डाळीचे डबे लावायचं सोंग करत होती. तू "टिली, ऐकतेस ना?" म्हणून विचारत राहिलीस आणि मी मान हलवत राहिले. फोनवर मान हलवणारी बाई मी. म्हणून लिहिते.

तू काय म्हणालीस ते पुन्हा एकदा माझ्या हातानं लिहून बघते, म्हणजे मला पटेल. तू म्हणालीस की तू टोरांटोला निघालीस त्याच्या आदल्या दिवशी आई पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती, आणि तिनं सांगितलं की नर झाड टिलीचं आहे. डाव्या हाताचं टिलीचं, उजव्या हाताचं विनीचं, असंच बाबांनी लावलं होतं. दोन वर्षांचं अंतर, झाडांत ते कुणाला कळतंय? फुलं आली तेव्हा मी तापातून उठले होते, दिवसभर किरकिर करत होते, आणि बाबांनी पैज लावली होती की जिच्या झाडाला आधी फळ तिला नवा फ्रॉक. आईनं फळ धरलेल्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे टिलीचं." तू सहा वर्षांची, तुला काय, तू फुलपाखरं पकडत होतीस. पुढे सांगायचं सांगायचं म्हणून राहून गेलं. मग तुला म्हणाली, "टिलीला सांगू नकोस. तिला सोसायचं नाही. तुला सोसतं."

म्हणून माझ्या वाढदिवसाला नारळाचं पाणी तिथे. मूर्ख मी, पाय आपटत होते.

विनी, तुला हे माहीत होतं. आईच्या मयताच्या दिवशी सगळ्या गोतावळ्यासमोर मी म्हटलं, "हिचं झाड आणि ही सारखीच, जागा अडवायची आणि द्यायचं काही नाही," तेव्हा तुला माहीत होतं. तुला मूल नाही हे ठाऊक असून मी म्हटलं. तुझ्या जिभेवर उत्तर होतं, सगळ्यांसमोर मला मातीत घालता आलं असतं, आणि तू ताट तसंच ठेवून उठलीस आणि गेलीस. आणि वादळानंतर पिंपातून विचारलंस ते झाडाचं. मला वाटलं बहिणीचं विचारलं नाहीस. तू माझंच विचारत होतीस गं.

मला तोंड दाखवायला जागा नाही. आजवर लाज वाटली ती लोकांसमोर, रांगेत, वळणावर. ही तशी नाही. ही रिकाम्या घरातसुद्धा वाटते.

मी पत्रात लिहिलं होतं, "सही कर." त्यावर तू हसलीस, आईसारखी नाकातून हसलीस, आणि म्हणालीस, "माझी अट काय होती? माझं झाड उभं आहे तोवर सही नाही. मग? तूच तर दोर बांधलास." मी तेव्हाही नुसती मान हलवली.

रॅफेलला सांगितलं. आधी तो चिडला, मग डोकं धरून बसला, मग म्हणाला, "तुम्ही दोघी वेड्या आहात, आणि आई सगळ्यात जास्त." कागद तू परत पाठवलास तो त्यानं घेतला आणि घडी करून खिशात घातला. त्याचं छप्पर अजून गळतं. पुढचं पिंप त्याला पाठव. माझ्याकडे खिळे पुरेत. आणि सुताराला काल वाटेत गाठून सांगितलं की पत्रे माझ्या बहिणीचे आहेत. तो म्हणाला, "बाई, ते सगळ्यांना माहीत होतं."

डोंगरापलीकडे एका म्हातारीकडे एक नर वाचलाय. कथबर्ट आणि मी चालत गेलो, कलमासाठी काडी मागायला. ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नर? भीक मागून नर? जाळताना विचारायला नाही आलात ते!" कथबर्टनं टोपी काढली. मी म्हटलं, "आजी, मी तर माझाच जाळला." मग तिनं आत घेतलं आणि कोकोचा चहा दिला. काड्या मिळाल्या. कलमं बांधलीत. एक कथबर्टच्या हद्दीत, एक ॲम्ब्रोजकडे, एक मर्लिनकडे, आता कुणी कुणावर भिस्त ठेवायची नाही असं ठरलंय. एक माझ्या खोडाशेजारी, जिथे माझी नाळ आहे. जगतील की नाही देव जाणे. आणखी एखादं वादळ आलं तर तेही जातील. पण लावलीत.

जिन्याखालचं पोतं तसंच आहे. ईस्टरच्या सोमवारी त्या कोळशावर मोठ्या पातेल्यात ऑइल-डाउन करू, नीरफणस, खारवलेलं मांस, नारळाचं दूध, तेल तळाशी उतरेपर्यंत. सगळ्या खोऱ्याला बोलवीन. माझ्या झाडावर शिजलेलं सगळ्यांनी खावं. त्या दिवशी तू वाढायचं नाहीस. तू बसायचंस, ताट मी वाढीन, आणि यावेळी पूर्ण जेवून उठायचंस.

पांढऱ्या चपला घालून विमानतळावर येईन, ओळखू येईन. ये लवकर, विनी. तुझं झाड उभं आहे.

तुझी,
टिली